एका ताटातले

पिशवीत पुरावे चार होते: छातीचे दोन एक्स-रे, दुकानासमोर काढलेला एक फोटो आणि तेजाबाच्या थेंबांनी चाळण झालेला एक सदरा. पगाराची पावती एकही नव्हती. गलाईच्या धंद्यात ती कुणाकडेच नसते. माण तालुक्यातलं पोर शाळेतून सुटलं की भावकीतल्या कुणाच्या तरी दुकानात परमुलखात जातं, तेजाबात जुनं सोनं शुद्ध करतं, तिथंच जेवतं, तिथंच निजतं. तानाजीही असाच चुलते नानासोंच्या दुकानात सेलमला गेला आणि तेवीस वर्षं तेजाबाचा तांबूस धूर ओढून फुप्फुसं घालवून आला.

जिल्ह्याच्या कोर्टात भरपाईचा दावा लावला तो त्याच्या मुलीनं, सृष्टीनं. तानाजी नोकर होता एवढं सिद्ध झालं, की उपचारांचा भार नानासोंवर. नाहीतर घरात विकण्याजोगं काही उरलं नव्हतं.

"आबा, फक्त व्हय म्हणायचं," तिनं व्हरांड्यात पुन्हा बजावलं. "नोकर होता का विचारलं, की व्हय."

"मला काय पोपट समजतीस गं?" तानाजी हसला आणि हसताहसता खोकत बसला.

आत नानासोंच्या वकिलानं आवाज मऊ ठेवला. "तानाजीराव, नानासोंच्या घरात तुम्ही नोकर म्हणून राहत होता?"

नानासो समोरच मान खाली घालून बसले होते. मागं गावाकडची माणसं होती. तानाजीनं त्यांच्याकडं पाहिलं आणि कठडा धरून ताठ झाला.

"नोकर? आवं साहेब, एका ताटात जेवलोय आमी. माझं लगीन नानांनी लावलं. नोकर आसंल तुमच्या घरात!"

मागं कुणीतरी खुदकन हसलं. तानाजीच्या वकील प्राची चौगुले घाईनं उठल्या. "पण दर महिन्याला पगार घेत होता ना?"

"पगार कसला, ताई? घरातलंच. लागंल तवा मागायचं."

प्राचीताई खाली बसल्या. नानासोंनी टॉवेलनं डोळे पुसले.

बाहेर आल्यावर तानाजीनं विचारलं, "बरोबर बोललो न्हवं, पोरी? लोकांत नाव राखलं."

सृष्टीनं त्याचा हात धरला. "व्हय, आबा."

पुढच्या तारखेला निकाल लागला. मालक-नोकर नातं शाबीत होत नाही, म्हणून दावा फेटाळला. त्याच आठवड्यात भाडं थकलेलं ऑक्सिजनचं यंत्र परत न्यायला टेम्पो आला. तो वळणाआड गेल्यावर सृष्टीनं तानाजीच्या बोटाला ऑक्सिमीटरचा चिमटा लावला आणि आकडा स्थिर होईपर्यंत थांबली.

रक्तातला ऑक्सिजन ब्याऐंशी टक्के.