म्हाताऱ्यासाठी रोखलेला श्वास

आपल्या बायकोचा श्वास दर शनिवारी एका परक्या म्हाताऱ्यासाठी थांबतो, हे वजनमापांच्या तपासनिसाला प्रथम कळले तेव्हा त्याने ते हसण्यावारी नेले. श्वास रोखणे हा तर त्याच्या कामाचाच भाग. प्रयोगशाळेतल्या तराजूच्या खोलीत काचेचे दार सरकवायचे, पारड्यात वजन ठेवायचे आणि आकडा स्थिर होईपर्यंत श्वास धरून उभे राहायचे. जवळ उभ्या माणसाच्या उच्छ्वासानेही पारडे हलते. तिथे श्वास रोखायला कारण असे. पांढऱ्या केसांचा टोप घातलेल्या, जेमतेम चाळिशीच्या नटासाठी एका शहाण्यासुरत्या बाईने तो का रोखावा?

नाटक साधेच होते. एक म्हातारा खुर्चीत बसून, घर सोडून गेलेल्या मुलाची वाट पाहतो. अखेर दारावर थाप पडते, त्याच क्षणी म्हाताऱ्याची मान कलते आणि टेबलावरचा दिवा आपोआप विझतो. मुलगा आत येतो तो काळोखात.

पहिल्या वेळी नवराबायको जोडीने गेली होती. मध्यंतरात तो तिच्या कानाशी लागला. "टेबलाच्या पायाला तार गुंडाळलीय, दिसली? विंगेत कोणीतरी बटण धरून बसलाय. शेवटी म्हातारा मरणार आणि दिवा जाणार. लिहून ठेव."

अंदाज तंतोतंत खरा ठरला. त्याचे कौतुक होईल, हा अंदाज तेवढा चुकला. पुढच्या शनिवारी घरात दोनच तिकिटे आली: एक तिचे, दुसरे त्याच्या धाकट्या बहिणीचे.

"अगं, शेवट माहीत असलेलं नाटक पुन्हा कशाला बघायचं?"

"तेच ते वजन तुम्ही दरवर्षी कशाला तपासता?"

"ते झिजतं म्हणून."

"आणि माणसं झिजत नाहीत?"

ती रुग्णालयात परिचारिका होती. माणसे जाताना तिने पुष्कळदा पाहिली होती आणि तशा दिवशीही घरी येऊन शांतपणे भाजी चिरली होती. तपासनिसाने तोही मुद्दा काढला. "खऱ्या मरणाला तुझ्या डोळ्यांत टिपूस नसतं आणि खोट्याला रुमाल भिजतो. हे कुठलं शास्त्र?"

"तिथे माझे हात कामात असतात," ती म्हणाली. "इथे मोकळे असतात."

उत्तर त्याला पटले नाही आणि न पटूनही डोक्यातून गेले नाही. त्याच्या खुर्चीत त्याची बहीण बसत होती, त्याच्या बायकोचा रुमाल म्हातारा भिजवत होता, आणि परतताना दोघी अशा खिदळत जिना चढत की दार उघडणाऱ्याला आपण या घरात भाडेकरू आहोत असे वाटावे. बसथांब्यावर नाटकाचे पोस्टर लागले होते. नटाचे नाक वाकडे आहे, हे त्याने जाता-येता पडताळून पाहिले. मत्सर हा शब्द त्याला मंजूर नव्हता. आपल्याकडे माहिती अपुरी आहे, एवढेच तो मानत होता.

ती पुरी करण्यासाठी एका शनिवारी त्याने कामावर उशीर होईल असे सांगितले आणि नाट्यगृहाच्या सज्जात अगदी कडेची खुर्ची गाठली. तिथून रंगमंच अर्धामुर्धाच दिसे. विंगेतला बटणवाला मात्र पुरता दिसे, आणि खाली तिसऱ्या रांगेत बायकोचा चेहरा. ती नटावर भाळली आहे, हे गृहीतक. आपण शेजारी नसलो की निरीक्षण शुद्ध होईल, ही पद्धत.

पडदा वर गेला. नट बोलत होता आणि ती त्याच्याकडे पाहतच नव्हती. तिची नजर दारावर होती, मुलगा ज्या दारातून यायचा त्या दारावर. शेवट तोंडपाठ असलेली बाई, आज तरी त्याने लवकर यावे म्हणून खुर्चीत पुढे पुढे सरकत होती.

गृहीतक पहिल्याच अंकात निकालात निघाले. तपासनिसाला हायसे वाटायला हवे होते. पण त्याच्या पोटात निराळेच दुखू लागले. नटाचा हेवा सोपा होता, त्याला निदान वाकडे नाक तरी होते. आता हेवा करायला उरली ती खुद्द बायको. एकाच छपराखाली, एकाच काळोखात बसून तिला जे मिळत होते ते त्याला मिळत नव्हते, आणि ते किती भरते हे मोजायला त्याच्याकडे तराजू नव्हता.

दारावर थाप पडली. म्हाताऱ्याची मान कलली. दिवा विझला नाही.

मुलगा आत आला आणि लख्ख उजेडात उंबऱ्याशीच खिळला. कोणी खोकलेसुद्धा नाही. मग मेलेल्या म्हाताऱ्याने डोळे उघडले. त्याने मुलाकडे पाहिले, कपाळापासून पावलांपर्यंत, सावकाश, कसलीच घाई नसल्यासारखे. मग हात लांबवून त्याने स्वतःच दिव्याची कळ फिरवली.

काळोख होण्याआधी तपासनिसाला शेवटचे दिसले ते एवढेच: बायकोने त्याच्या बहिणीचा हात गच्च धरला होता.

सज्जाच्या जिन्याखाली दोघींनी त्याला पकडले.

"काय रे दादा, उंटावरून शेळ्या हाकत होतास होय?" बहीण म्हणाली. "वहिनी, हा बघ याचा कामावरचा उशीर!"

बायकोचे डोळे अजून ओले होते, आवाज मात्र कोरडा. "वरून सगळं दिसलं असेल ना? मग सांगून टाका. तार सुटली, का बटणवाला झोपला?"

या उत्तरावर आपली खुर्ची अवलंबून आहे, हे त्याला कळले. खोटे बोलायची वेळ आली नाही, हे त्याचे नशीब.

"माहीत नाही. मी तिकडे बघत नव्हतो."

"मग कुठे बघत होतात?"

"म्हाताऱ्याला मुलगा दिसतोय का, तिकडे."

बहिणीने त्याच्या कपाळाला हात लावून ताप पाहिला.

पुढच्या शनिवारी तिकिटे तीन आली. दिवा दुरुस्त झाला होता. तो बिनचूक विझला. मुलगा पुन्हा उशिराच आला. काळोखात बायकोची बोटे तपासनिसाच्या बाहीत रुतली. बाही त्याची होती. तिचा अडकलेला श्वास अजूनही त्या वाकड्या नाकाच्या म्हाताऱ्याचाच होता. हे त्याला मुळीच आवडले नाही. पण तसे तिच्या कानात सांगायचे, तर आधी स्वतःचा श्वास सोडावा लागला असता.