शुद्ध मशीनचा स्टिकर

सोवळेराव माझ्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानाच्या दारात उभा राहिला तेव्हा मला आधी हसूच आलं. आमचा हा मावसभाऊ मुक्त सॉफ्टवेअरचा एवढा कट्टर, की हे नाव मीच ठेवलं. जो प्रोग्राम आतून उघडून पाहता येत नाही, तो त्याला मशीनमध्ये शिरलेला चालत नाही. त्यापायी मोबाईलसुद्धा बाळगत नाही.

"अगं, नवा लॅपटॉप मुका निघाला, माइकही चालत नाही," तो धापा टाकत म्हणाला. "अकराला आमच्या मंडळाची ऑनलाइन सभा आहे. आवाजाच्या चिपची ती बंद फाइल टाकून दे. पटकन!"

"बंद फाइल? आणि तू मागतोयस?"

"आजच्यापुरती गं! ठरावच त्यावर आहे. आम्ही लोकांना वाटतो त्या सॉफ्टवेअरच्या डिस्कमध्ये असल्या फाइली घ्यायच्या की नाही. बरोबरी झाली तर ठराव पडतो. माझं एक मत फार मोलाचं आहे."

म्हणजे बंद फाइलींविरुद्ध मत द्यायला बंद फाइल हवी! वा रे वा.

मागच्या टेबलावर ताई हेडफोन लावून तीच सभा ऐकायला बसली होती. ताईला दिसत नाही, तिचं मशीन तिला वाचून दाखवतं. दोन वर्षांपूर्वी हेल्पलाइनच्या नोकरीसाठी तिची घरूनच ऑनलाइन परीक्षा होती. आदल्या दिवशी हा शहाणा घरी आला, "साफ करून देतो" म्हणत त्याने तिच्या मशीनमधली आवाजाची फाइल उडवली, आणि वर 'शुद्ध' असा हिरवा स्टिकर चिकटवला. पडदा दिसत होता, म्हणजे ह्याच्या लेखी मशीन ठणठणीत. सकाळी ताई पन्नास मिनिटं त्या मुक्या डब्यासमोर बसून राहिली. वयाच्या अटीत ती शेवटची संधी होती. तिने त्याच्या घरच्या फोनवर फोन केला तर म्हणाला, "तत्त्वासाठी थोडी झळ सोसावी लागते." मेले तरी ते वाक्य विसरणार नाही मी.

फाइल माझ्या खिशातल्या पेन ड्राइव्हमध्ये होती. दोन मिनिटांचं काम.

"बस," मी म्हटलं. त्याला सभा उघडून दिली. मग ड्रॉवरमधून ताईच्या मशीनवरून खरवडून काढलेला तो स्टिकर घेतला आणि चिकटपट्टीने त्याच्या लॅपटॉपवर लावला.

"हे काय? आवाज कुठाय?"

"पडदा दिसतोय ना? मग चालतंय की!"

पडद्यावर बारा चौकोन होते, त्यातली तोंडं हलत होती. नाव पुकारलं की तोंडानेच उत्तर द्यायचं, खुणा-कागद चालणार नाहीत, हा नियमही ह्यानेच केलेला. तरी त्याने कागदावर 'नाही' लिहून कॅमेऱ्यासमोर धरलं.

"माझं नाव आलं का? अगं, सांग ना! ताई, तू तरी!"

"तुला फोन केला होता मी त्या दिवशी," ताई म्हणाली. "काय म्हणालास?"

त्याने कागद खाली ठेवला. मला बरं वाटत होतं, खोटं कशाला बोलू?

पावणेबाराला ताईने हेडफोनची वायर उपसली. तिच्या मशीनने दुकानभर वाचून दाखवलं, "ठराव मंजूर. बाजूने सहा, विरोधात पाच, एक गैरहजर."

तो डोकं धरून बसला. ताईने माझ्याकडे हात पुढे केला, मी पेन ड्राइव्ह तिच्या तळव्यावर ठेवला. तिने चाचपडत तो त्याच्यासमोर सरकवला.

"घे," ती म्हणाली. "आता तुमच्या नियमात बसतं."