तिसरी ज्युली

उल्काने हेडफोन कानांवर नीट बसवला आणि रेडिओ स्टेशनचा इतिहास वाचायला घेतला. सिंगापुरात घोडा बघायचा तर तिकीट काढावं लागतं. तिथे अमेरिकेच्या कुरणांतली कंट्री गाणी वाजवायचं खूळ कुणाच्या तरी डोक्यात आलं आणि ते वीस वर्षं चाललं. आधी तेलकंपन्यांतले अमेरिकन ऐकायचे, मग कम्युनिटी क्लबात लाइन डान्स करणाऱ्या आंटी. आज संध्याकाळी स्टेशन कायमचं बंद होणार होतं.

या इतिहासात निवेदिका एकच, ज्युली. माणूस बदललं तरी रेडिओवरचं नाव बदलायचं नाही, असा स्टेशनचा नियमच होता. उल्का तिसरी ज्युली. पुण्यात तिची आई इंटरनेटवर कार्यक्रम ऐकायची आणि दर वेळी फणकारायची, "घसा तुझा आणि नाव त्या भवानीचं." उल्कालाही ते सलत होतंच. म्हणून तिने ठरवलं होतं आणि आईलाही कळवलं होतं, आज निरोप घेताना स्वतःचं नाव सांगायचं. आता नोकरीवरून काढायला उरलंय कोण?

शेवटचं गाणं लावून तिने फोन घेतला. दर रविवारी न चुकता फोन करणारे म्हातारे मिस्टर ओंग होते.

"थँक यू, ज्युली," ते म्हणाले.

तिला राहवलं नाही. "अंकल, खरं सांगू? मी ज्युली नाही."

"माहीत आहे लाह," ते सिंगापुरी हेल काढत म्हणाले. "पहिली ज्युली माझी बायको. तिचं खरंच नाव ते. ती गेली, पण तुम्ही लोकांनी नाव तेच ठेवलंत. घरी मी कुणाला ज्युली म्हणणार? म्हणून इथे फोन करायचो."

गाणं संपत आलं होतं.

"रेडिओ बंद करू नका, अंकल," एवढंच बोलून तिने फोन ठेवला आणि माइक सुरू केला. सगळ्यांचे आभार मानले. मग सावकाश म्हणाली, "मी ज्युली. तुमचा निरोप घेते."

क्लेमेंटी भागातल्या घरी परतताना बसमध्ये आईचा फोन आला.

"अगं, नाव सांगायचं राहिलंच की."

"नाही आई," उल्का म्हणाली, "सांगितलं."