डाव्या पायाच्या चपला

आधीच सांगते, चपला मीच उचलल्या. वालूरात अजून काही जण कुत्र्यावर आळ घेतात, ते खोटं हाय. कुत्रं काय चाळीस माणसांच्या फक्त डाव्या पायाच्या चपला निवडून नेतंय का?

मी राजेश्री. लहानपणी पोलिओ झाला, दोन्ही पायांत जोर न्हाई. हातानं चालवायच्या तीनचाकीवर गावभर फिरते, ब्लाऊज शिवते आणि तोंडानं कुणाला हार जात न्हाई. आमच्या चर्चला तीन पायऱ्या. दर रविवारी चौघं जण मला प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून आत न्यायचे. नेताना "सांभाळा, सांभाळा" असा गलका, जशी काय वरातच निघालीय. खुर्ची खाली टेकली की पहिली प्रार्थना माझ्या पायांसाठी. अशी बारा वर्षं झाली. पायांना काय फरक पडला न्हाई, मला मात्र ती प्रार्थना पाठ झाली.

मला पाहिजे होतं वाचन. आमच्यात दर रविवारी एक जण पुढं जाऊन शास्त्रातला पाठ मोठ्यानं वाचतो, त्याच्या पाळ्या लावलेल्या असतात. सगळ्यांची नावं येऊन गेली. जिला चष्मा लावून पण अक्षर दिसत न्हाई त्या कमलबाईचं सुद्धा आलं. माझं कधीच न्हाई.

यंदा नवे पाळक आले, नागनाथसाहेब. त्यांनी मे महिन्याच्या यादीत माझं नाव घातलं. आठ दिवस मी शिलाई मशीनपुढं बसून तोच पाठ वाचत होते. आई म्हणली, "बास कर बाई, आता कोंबड्या पण आमेन म्हणायल्यात."

रविवारी गेले तर पायरीपाशी भुजंगराव उभे. मंडळीतले सगळ्यात जुने पंच. त्यांनी मान हलवल्याशिवाय आमची घंटा पण वाजत न्हाई. म्हणले, "राजेश्री, उचलणाऱ्या चौघांतले दोघं देवगाव फाट्याला लग्नाला गेलेत. आन वाचन तर व्यासपीठावरून असतंय, तिथं आणखी दोन पायऱ्या. तुला कशाला तरास? आमची सून वाचील. तू हितं सावलीत बस, भोंग्यातून सगळं ऐकू येतंय."

माणूस वाईट असता तर दोन शब्द सुनावले असते. पण जाताना त्यांनी माझ्याजवळ गार पाण्याचा तांब्या ठेवला, म्हून जास्तच राग आला.

आत गीत सुरू झालं. बाहेर मी, आणि पायरीपाशी अख्ख्या मंडळीच्या चपला. माझ्याजवळ आकडीची काठी असते, खाली पडलेलं उचलायला. पहिली उचलली भुजंगरावांची कोल्हापुरी. मग एकेक करत सगळ्यांची डावी. दोन्ही उचलल्या असत्या तर चोरी म्हणले असते. एकच गेली की माणसाला काय म्हणावं तेच सुचत न्हाई. शिवाय सीटखालच्या पोत्यात मावल्या पण पाहिजेत.

उपासना सुटली तवा बारा वाजून गेले होते. अंगणातली शहाबादी फरशी भाकर भाजावी अशी तापलेली. मंडळी वरच्या पायरीवर येऊन थबकली. कमलबाईनं एक पाय खाली टेकवला आणि लगेच वर घेतला.

"राजेश्री, चपला कुठं हायत?" भुजंगरावांनी विचारलं.

"माझ्यापाशी. या की खाली, घेऊन जा. तीनच पायऱ्या हायत."

मागं कुणीतरी फिसकन हसलं. भुजंगरावांनी मागं वळून बघितलं, तसं ते हसू बंद झालं.

"न्हाई, तरास होत असंल तर राहू द्या," मी म्हणले. "तिथंच सावलीत थांबा. मी वाचते, तिथं ऐकू येतंय."

आणि वाचलं. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. पाळकसाहेब डोळे मिटून उभे होते. प्रार्थना करत होते का हसू दाबत होते, ते अजून सांगत न्हाईत.

मग मी चपला वाटल्या. भुजंगराव म्हणले, "हे वाचनात धरत न्हाई. वाचन व्यासपीठावरूनच."

माझं डोकंच फिरलं. त्यांची कोल्हापुरी मी पुढं ढकलली, तर त्यांनी घेतलीच न्हाई.

"राहू दे तुझ्यापाशी," ते म्हणले. "ह्या पायऱ्यांवर तुझ्या गाडीसाठी उतार होईस्तोर."

आणि सत्तरीचा तो माणूस तापल्या फरशीवरून एका चपलेनं टुणटुण उड्या मारत घरी गेला.

तीन रविवार ते तसेच आले. एका पायात कोल्हापुरी, दुसऱ्यात बायकोची स्लीपर. महारुद्र गवंड्याच्या तर ते मागंच लागले. पहिला उतार इतका उभा झाला की त्याच्यावरून बकरीच चढावी. तो फोडला आणि दुसरा केला, मला विचारून. तीनचाकी आत मावावी म्हून दाराची कायम बंद असणारी दुसरी फळी उघडली. व्यासपीठाला पण उतार झाला.

चौथ्या रविवारी मी माझ्या हातानं तीनचाकी चालवत आत गेले, थेट वर. कुणी "सांभाळा" म्हणलं न्हाई. पायांची प्रार्थना झाली न्हाई. मी पाठ वाचला. भीतीनं तोंडाला कोरड पडलेली, एकदाचं संपवावं म्हून वाचत सुटले. संपलं तवा कुणी टाळ्या वाजवल्या न्हाईत, सगळे आपापलं गीतांचं पुस्तक चाळत होते.

बाहेर आल्यावर भुजंगरावांना त्यांची चप्पल दिली. त्यांनी पायात घातली आणि तोंड वाकडं केलं.

"लय घाईत वाचलंस. निम्मं कळालंच न्हाई. पुढच्या पाळीला सावकाश वाच."

"पुढच्या पाळीला?"

"मग? आगस्टात हाय की तुझी. आन घरून वाचून येत जा."

मी मान हलवली आणि तीनचाकी वळवली. फाटकापर्यंत दम धरला, मग रडू आलं. बारा वर्षांत त्या चर्चमध्ये मला पहिल्यांदाच कुणी रागावलं होतं.