घोडाघास

चातुर्मासात मी अयाचिताचा नेम धरते. कुणाकडं काही मागायचं नाही. न मागता पुढ्यात येईल तेच घ्यायचं. आमच्या घरी या नेमाचं फार कौतुक. म्हणजे, माझ्या भाजीत मीठ कमी पडलं की आमचे हे मिठाचा डबा मांडीवर घेऊन बसतात आणि विचारतात, "काय गं, देवानं काही पाठवलं का?"

त्या वर्षी श्रावणसुद्धा कोरडाच चालला होता. आमची गाय नुकती व्यायलेली, घरातला कडबा सरलेला, आणि चारा छावणी अजून कागदावरच. हिरवं काही पोटात गेलं नाही तर गाईचं दूध आटणार आणि वासरू हातचं जाणार, हे मला दिसत होतं.

अशात आमच्या दूध संस्थेचे चेअरमन अर्जुनराव म्हणाले, "माजलगावच्या अंगाला रेसच्या घोड्यांची पागा हाय. रविवारी समद्यांना बघायला खुली हाय. आपल्या बाया नेऊ. जनावर कसं सांभाळतेत ते तरी बघतील."

टेम्पोत माझ्या शेजारी रहेमतबी. संस्थेत दूध घालता घालता आमची मैत्री झाली आणि तेव्हापासून माझी थट्टा करायचं काम तिनं स्वतःकडं घेतलं.

"भामाबाई, जरा सरकून बस म्हणायचं असंल तर म्हण की."

मी अंग चोरून बसले.

"न्हाई म्हणायची. मागणं होतंय ना ते!" म्हणाली आणि आपणच सरकली.

पागेत प्रत्येक घोड्याच्या डोक्यावर पंखा फिरत होता. तिथले मॅनेजर सुंदरराव एका तांबड्या घोड्याच्या आज्यापणज्याची माहिती द्यायला लागले. आजा कुठं धावला, आजी कुणाची, सगळं त्यांना पाठ. आमच्यातली दगडाबाई हळूच म्हणाली, "जावई करताना आमी एवढं इचारलं न्हाई बाई!"

मागच्या अंगाला गेलो आणि सगळ्याजणी जागीच थांबल्या. तिथं घोडाघासाचा ढीग पडला होता. हिरवागार.

"घोडे कोवळा पाला निवडून खातात," सुंदरराव म्हणाले. "राहिलेलं खतात टाकतो."

"खतात?" रहेमतबी म्हणाली. "आमच्या जनावरांना तोंडं हायेत की, साहेब!"

सुंदरराव हसले. घोड्यांची निगा राखणाऱ्या सटवाला म्हणाले, "पेंढ्या बांध रे. ज्यांना पाहिजे त्यांनी ह्याला सांगा."

सांगायचं म्हणजे मागायचंच की! मी खांबाला टेकून उभी राहिले. मनात म्हटलं, द्यायचं असेल तर देव देईल. बायांचा सटवाभोवती गलका उडाला होता. रहेमतबी टेम्पोकडं जात होती, येत होती, माझ्याकडं बघतसुद्धा नव्हती. ढीग सरत चालला. सटवानं खराटा हातात घेतला, तेव्हा मात्र माझा धीर सुटला. नेम मी धरला होता, गाईनं नव्हता धरला.

"दादा, मला एक पेंढी," मी म्हटलं.

माझा आवाज असा की आरतीत शेजारणीलासुद्धा ऐकू जात नाही. सटवा झाडतच राहिला. मी पुन्हा म्हटलं. तरी नाही. मग मात्र ओरडले, "ओ दादा! मला एक पेंढी द्या हो!"

पलीकडचा घोडा बिचकून खिंकाळला. सुंदरराव पळत आले. सटवाच्या हातातला खराटाच पडला.

"साहेब, मुकी बाई बोलली!"

"कोण मुकी?"

"ह्याच की! त्या मावशी म्हणल्या, ती बिचारी मुकी हाय, तिची पेंढी माझ्याकडं दे. कवाच टेम्पोत टाकली!"

सगळ्या बाया हसून हसून खाली बसल्या. रहेमतबीनं पदर तोंडात धरला होता.

"अगं, तुझा नेम ऱ्हावा म्हणून तुला मुकी केली," ती म्हणाली. "जरा दम धरला असतास तर काय बिघडलं असतं?"

मी सटवाकडं बघितलं. खराट्यापाशी अजून थोडा घास उरला होता.

"दादा," मी म्हटलं, "नेम मोडलाच आहे, तर तेवढा पण बांधा."

या वेळी त्यानं पहिल्याच हाकेला ऐकलं.