भागूबाईची हॉलंडची सून

हॉलंडच्या गायी आमच्या कन्हेरीत आधी आल्या, माणसं मागाहून. त्यामुळं चौऱ्याण्णव सालच्या हिवाळ्यात पुण्याच्या पाद्रीसाहेबांनी जीपमधून आठ हॉलंडवाले उतरवले, तेव्हा सरपंच हिंदुरावांनी रामराम घालून पहिलं विचारलं ते हेच, "तिकडं चारा काय घालता?"

ही माणसं आपल्या चर्चतर्फे पोरांची सेवा करायला आली होती. सकाळी बालवाडीत गाणी आणि येशूच्या गोष्टी, दुपारी अंगमेहनत, असा बेत. गोष्टी झकास चालल्या. फक्त मेंढपाळ एका हरवलेल्या मेंढरापायी बाकीची नव्याण्णव रानात सोडून जातो, तिथं पोरं अडली. सगळी मेंढरं राखणाऱ्यांची नातवंडं. "मग बाकीची कुणावर सोडली? कुत्री किती व्हती?" अखेर पाद्रीसाहेबांनी गोष्टीत दोन कुत्री घातली, तेव्हा कुठं ती पुढं सरकली.

खरा घोळ दुपारी झाला. त्या आठांत एल्स नावाची एक पोरगी होती. चर्चमधल्या मुलांना ती शब्द देऊन आली होती, की कन्हेरीच्या मुलांसाठी मी माझ्या हातांनी घसरगुंडी उभी करून येईन. इंदापूरच्या भंगारातून पत्रा आला, नळ्या आल्या. एल्सनं पहार उचलली आणि हिंदुरावांनी झडप घालून ती काढून घेतली.

"आवो बाई, पाव्हण्यानं पहार धरली तर बारामतीत तोंड कुठं दावू? तुमी नुसतं बोट करा, आमी बांधतो."

तिनं घमेलं उचललं, ते तिघी बायकांनी ओढून नेलं. एकानं झाडू धरला, झाडू गेला. एक तांबड्या दाढीचा सहाफुट्या आपलं ताट विसळायला निघाला, तर त्याच्या ताटासाठी दोन घरांत भांडण लागलं. एल्सनं हट्टानं एक खड्डा खणलाच, तर म्हस्कूआबांनी तो लगोलग बुजवला. म्हणाले, "पाव्हण्यानं खणलेला खड्डा गावात राहिला तर बरं दिसत न्हाय."

बरं, खायला काय कमी? भिगवणची मासळी, वडगावचं तूप. त्यांनी बाजेवर बसायचं आणि खायचं. चौथ्या दिवशी त्यांच्या वजनानं बाजा खाली टेकल्या. एल्स मात्र खाईना. रडकुंडीला येऊन ती पाद्रीसाहेबांशी काहीतरी बोलली, आणि त्यांनी ते गावाला सांगितलं, "ती म्हणते, मी पाहुणी म्हणून आलेली नाही."

"पाव्हणी न्हाय, तर मग कोण हाय?" भागूबाई म्हणाली.

प्रश्न बरोबर होता. पाव्हणी काम करत नाही. लेक माहेरी येते ती पाठ टेकायला. गावात हक्कानं राबते ती एकटी सून. आणि भागूबाईला पाच लेकी, मुलगा एकही नाही. सुनेला एकदा तरी हाक मारावी, या आशेवर म्हातारी जगत होती.

"मला ल्योक न्हाय, म्हून काय सूनबी नसावी?" तिनं विचारलं.

"पण नवरा?" पाद्रीसाहेब दचकले.

"नवऱ्यावाचून कुठलं काम अडलंय?"

त्याच सांजेला एल्सची ओटी भरली, हिरवा चुडा चढला, डोक्यावर पदर आला. सकाळी अख्ख्या गावानं ऐकलं, "अगं ए एल्से! उजाडलं की! गोठा काय तुझा बा काढनार हाय?" एल्स हसत धावली. धारेला बसून गाईशी आपल्या बोलीत काय बोलली कोण जाणे. मुलखाची भाषा कानी पडल्यावर गाईला असा पान्हा फुटला की बादली भरली, घागर भरली, शेवटी म्हस्कूआबांनी टोपी पुढं केली.

हे पाहून बाकीच्या म्हाताऱ्या पेटल्या. सांजेपर्यंत एकही हॉलंडवाला मोकळा राहिला नाही. दाढीवाला ठमाबाईच्या वाट्याला आला. "पदर वढून घेतला की दाढी कुठं दिसती?" ती म्हणाली. आणि मग सगळ्या सासवा ओट्यावर बसून सुनांची गाऱ्हाणी सांगू लागल्या. इतक्या सुखात त्या कधी नव्हत्या.

घसरगुंडी मात्र तशीच पडून. गोठा झाला की पाणी, पाणी झालं की तूर झोडपायची. जायचा दिवस उद्यावर आला. एल्सनं पाद्रीसाहेबांकरवी विचारलं, सुनेला सवड कधी मिळते?

"माहेरी गेल्यावर," भागूबाई म्हणाली. "माहेरचा मुराळी न्यायला येऊंदे, मी कुठं अडवती?"

"आता हॉलंडहून कोण येणार, आजी?" पाद्रीसाहेब म्हणाले.

"कुनीबी येऊंदे. मुराळ्याबिगर सून धाडली तर लोक माझ्या तोंडात शेण घालतील."

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात अख्खी बालवाडी उभी. पुढं पाच वर्षांचा समर्थ, आज्याची टोपी नाकापर्यंत आलेली.

"कोण रं तू?"

"मुराळी. तायडीला न्यायला आलोय."

"तुजी कवापासनं तायडी?"

"ती आमाला गोष्टी सांगती. आमीच तिचं माहेर. जीप सांजची हाय, लवकर धाडा."

दारी आलेला मुराळी परत कसा लावायचा? भागूबाईनं सगळ्या माहेराला गूळ-शेंगदाणे चारले आणि पदरानं डोळे पुसत सुनेला वाटं लावलं.

मोठ्यांना पाव्हण्याला काम सांगायची लाज. पोरांना कसली? "तायडे, हितं खण. न्हाय न्हाय, तितं! आता पत्रा धर. त्या दाढीवाल्या काकीला हाक मार!" एल्सच्या तळहातांना फोड आले आणि तोंडावर असं हसू, जणू आवळा खाऊन पाणी प्यालेली.

गावाला ते बघवेना. हिंदुरावांनी बालवाडीच्या कुंपणावरून उडी टाकून पाना धरला. समर्थनं तो काढून घेतला.

"सरपंच, हे आमचं घर हाय. तुमी पाव्हणं. बसा."

छकुलीनं बस्कर टाकलं. दुसऱ्या पोरानं खेळण्यातल्या कपात पाणी दिलं. हिंदुराव बसले, शेजारी म्हस्कूआबा बसले, ठमाबाई बसली. नट वाकडा बसतोय हे सगळ्यांना दिसत होतं, हात नुसते शिवशिवत होते. पण उठायची सोय नव्हती. हिंदुरावांनी दोन्ही हात काखेत दाबून धरले होते.

उन्हं कलता कलता एल्सनं शेवटचा नट आवळला. समर्थ चढला, टोपी सांभाळत सर्रकन घसरला, आणि बाजूच्या घाणेरीच्या झुडपात जाऊन पडला. ढुंगण चोळत तो बाहेर आला, घसरगुंडीकडं एक डोळा मिटून बघितलं.

"तायडे, वाकडी झालीया. उसकट आन् पुन्हा कर."

पाद्रीसाहेबांनी भीतभीत अर्थ सांगितला. बाहेर जीपचा हॉर्न वाजत होता. एल्सनं पदर खोचला, पाना उचलला आणि ड्रायव्हरला हातानंच खुणावलं, थांब.