न घेतलेले माप

मित्रांनो, मी मापाची एक जुनी कापडी टेप आहे. साठ इंच लांबी आणि दोन्ही टोकांना पितळी पत्रा. अंगावरचे पहिले सात आकडे पुसले गेले आहेत, कारण शिवणाच्या बाईंचा अंगठा वीस वर्षे तिथेच टेकत आला.

कारखान्यातून निघाले ती थेट व्यवसाय शिकवणाऱ्या कॉलेजात, बाईंच्या गळ्यात. देवाने एकासारखा दुसरा देह घडवला नाही, एकाच माणसाचे दोन खांदेसुद्धा सारखे नसतात, हे माझ्याइतके जवळून कोणी पाहिले असेल? ‘बाईंचं माप चुकत नाही,’ असे कोणी म्हटले की माझा ऊर भरून येई.

पण एक चूक आम्ही दोघींनी केली. पहिल्याच दिवशी बाई बजावत, “माप देताना पुतळ्यासारखं उभं राहायचं. हलायचं नाही, बोलायचं नाही.” हलले की माप चुकते, म्हणून.

एका वर्षी एकमेकांची मापे घेण्यासाठी अठरा-वीस वर्षांच्या मुलामुलींच्या जोड्या पडल्या. आकडेमोडीत पक्का म्हणून एकाला सगळे ‘इंजिनिअर’ म्हणत. त्याच्या जोडीला एक अबोल मुलगी आली. वर्गात तिच्याइतकी सुबक काजे कोणी करत नसे, म्हणून ती ‘काजूताई’.

त्याने बाईंकडून मला मागून घेतले आणि खांद्याचे माप घेऊ का, असे तिला विचारले. ती हो म्हणाली. खांदा झाला, बाही झाली आणि हात थांबलाच नाही. त्याने मला तिच्या छातीभोवती फिरवून आवळले. ती पुतळ्यासारखी उभी होती. तिचा अडकलेला श्वास मला कळला, त्याला नाही. त्याने आकडा सुवाच्य अक्षरात वहीत उतरवला.

चौथ्या दिवशी तिची आई कोर्स सोडण्याचा अर्ज घेऊन आली. बाईंनी तो पर्समध्ये घातला आणि आईबरोबर तशाच घरी गेल्या. मी गळ्यातच होते.

“मी हो म्हटलं होतं ते खांद्याला, बाई,” मुलगी म्हणाली.

“मग थांब म्हणायचं ना गं त्याला,” आई कळवळली.

“बोलायचं नाही असं शिकवलंय आम्हाला.”

बाईंची मूठ माझ्याभोवती घट्ट मिटली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी इंजिनिअरला वेगळे बोलावले. ती काही बोलली नाही, म्हणून मला वाटले चालते, असे तो म्हणाला. “गप्प राहणं म्हणजे हो नव्हे,” बाई म्हणाल्या. “माझी शिकवण चुकली, ती मी उसवते. पण हात तुझा होता, बाळा. तू सुटलास असं समजू नकोस.” त्याची मान खाली गेली.

प्राचार्यांनी सुचवले की एखादा पाहुणा बोलावून संमतीवर भाषण ठेवू, विषय मिटेल. बाई म्हणाल्या, “सर, एक काज नीट जमायला तीन महिने लागतात. हे एका भाषणात कसं जमेल?”

मग तो धडा रोजच्या कामातच शिवला गेला. प्रत्येक मापाआधी विचारायचे, उत्तराची वाट पाहायची आणि ‘नको’ आले की कारण न विचारता थांबायचे. केस कापायला शिकणाऱ्यांनी नियम उचलला, मग रुग्णसेवेच्या वर्गाने. बाई पुढेही बोलल्या, अगदी सरळ: “प्रेमात हेच. शरीरसंबंधात हेच. लग्न झाल्यावरही हेच. काल हो म्हटलं, ते कालचं.” काही जण खुसखुसले, एकाने पंख्याची पाती मोजली. पण पुढच्या आठवड्यात प्रश्न विचारणाऱ्यांत तोच पहिला होता.

हे ऐकून काजूताई परतली. अर्ज अजून बाईंच्या पर्समध्येच होता. इंजिनिअरने सगळ्यांदेखत तिची माफी मागितली. जोडी बदलू का, असे बाईंनी तिला विचारले. ती म्हणाली, बघू.

मग त्याने मला हातात घेतले आणि दोन पावले लांबून विचारले, “माप घेऊ?”

तिने वर पाहिले.

“नको.”

हा शब्द तिने त्या खोलीत पहिल्यांदाच उच्चारला. त्याने मान हलवली, मला टेबलावर ठेवले आणि म्हणाला, “मापाचा कपडा आण उद्या, त्यावरून घेतो.” बाईंनी पर्समधून अर्ज काढून तिच्या हाती दिला. तिने तो फाडला आणि शिवायला बसली.

मित्रांनो, आता मी ताणले गेले आहे, माझे माप अर्ध्या इंचाने चुकते, म्हणून वर्गाच्या दाराशी खिळ्यावर असते. मला जपले नाही तरी चालेल, विचारायची सवय तेवढी जपा. हजारो मापे घेतली मी. पण माझा खरा अभिमान त्या दिवसाचा आहे, ज्या दिवशी मी टेबलावर नुसती पडून होते.